आवाज बंद झाल्यावर

जेरेल थिबोडोला आमच्या टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाने निवडलं, त्या दिवशी मालकांनी पत्रकारांना सांगितलं की आम्ही हा पोरगा घडवणार आहोत. मी घरी टीव्हीसमोर बसून कोबीची भरली पानं खात होतो. बायकोला, म्हणजे इलोनाला म्हटलं, घडवणार म्हणे, मडकं आहे का तो? ती म्हणाली, तुला कोणी विचारलंय का? नव्हतंच विचारलं. सेंटरला कोणी काही विचारत नाही.

सेंटर म्हणजे मी, मार्टी हॉर्वाथ. वाकून उभं राहायचं, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या दीडशे किलोच्या माणसाला छातीवर घ्यायचं, हा माझा धंदा. माझ्या उजव्या-डाव्या हाताला असेच दोन-दोन धिप्पाड गडी. आमची ही पाच जणांची फळी, आणि आमच्या आड क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. तो फेकेपर्यंत त्याच्या अंगाला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, हे आम्ही बघतो. टाळ्या त्याला, मार आम्हाला. तक्रार नाही, जेवण चांगलं असतं.

जेरेल लुईझियानातल्या खाडीकाठचा, कोळंबीच्या होड्या चालवणाऱ्या घरातला. बावीस वर्षांचा. तिकडच्या रीतीप्रमाणे वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं त्याच्या जिभेला जमायचंच नाही. मी त्याचा ‘मिस्टर मार्टी’ आणि माझी बायको ‘मिस इलोना’. सरावाच्या छावणीत नवख्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं, अशी आमची जुनी पद्धत. त्याने चर्चमधलं गाणं म्हटलं, ते इतकं बेसूर की माझ्या डाव्या हाताला खेळणाऱ्या ओटिसने त्याला पाव फेकून मारला. पोराने पाव झेलला, एक घास खाल्ला आणि दुसरं कडवं सुरू केलं. तिथेच तो मला आवडला.

आणि त्याचा हात. मी अकरा वर्षांत बरेच हात पाहिले, पण याने फेकलेला चेंडू पकडणाऱ्याच्या तळव्यावर असा वाजायचा की बाजूला सराव करणारे मान वळवून बघायचे.

आता घडवण्याचं काम ज्याच्याकडे होतं त्या माणसाबद्दल. त्याचं नाव हॅल्व्हर्सन. मुख्य कोच म्हातारे झालेले, सगळी सूत्रं मालकांनी याच्याच हाती दिलेली. सामन्याच्या वेळी हा वर उंच काचेच्या खोलीत बसतो. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कानापाशी छोटा स्पीकर असतो, त्यातून हॅल्व्हर्सन त्याच्याशी बोलतो. डाव कोणता खेळायचा ते सांगतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने आमच्या मैदानावर यावं.

पण या बोलण्याला एक नियम आहे. प्रत्येक डाव सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात आणि घड्याळात पंधरा उरली की हा रेडिओ आपोआप बंद पडतो. त्यापुढे क्वार्टरबॅकने स्वतःच्या डोळ्यांनी समोरचा बचाव बघायचा आणि स्वतःच्या डोक्याने ठरवायचं. नियम त्यासाठीच केला आहे.

हॅल्व्हर्सनने त्यातून पळवाट काढली. जिथून डाव सुरू होतो त्या रेषेवर तो आम्हाला धावत नेऊन उभं करायचा. घड्याळात पंचवीस सेकंद असतानाच आम्ही वाकून तयार. मग समोरचा बचावही घाईघाईने उभा राहायचा आणि हॅल्व्हर्सन वरून बघून जेरेलच्या कानात सांगायचा की डावीकडचा मागे सरकलाय, उजवीकडे फेक. पोरगा उजवीकडे फेकायचा. पहिले दोन सामने आम्ही असेच जिंकलो. वर्तमानपत्रांनी हॅल्व्हर्सनचा फोटो छापला, मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जेरेलला कोणीही विचारलं तर तो सांगायचा की कोच फार हुशार आहेत, सर.

तिसऱ्या सामन्यापासून पोरगा मार खायला लागला. चांगला मोकळा माणूस समोर असताना तो भलतीकडेच फेकायचा, नाहीतर चेंडू हातात धरून खांबासारखा उभा राहायचा आणि कोणीतरी येऊन त्याला आडवा करायचा. चौथा हरलो, पाचवा हरलो. त्याच्या बरगडीला पट्टा आला. लोक त्याला ‘फुसका बार’ म्हणायला लागले. पेट्रोल पंपावर मला एकाने विचारलं, तुमच्या त्या मुलाला वाचता येतं का? मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरी गोष्ट मला सहाव्या सामन्यात कळली, आणि तीही जमिनीवर पडलेला असताना. माझ्या अंगावर समोरच्या संघाचा एक जुना खेळाडू पडला होता, पूर्वी आम्ही एकाच संघात होतो. उठता उठता तो हसून म्हणाला, “मार्टी, तुमच्या वरच्या साहेबाचं बोलणं संपलं ना, की मग आम्ही जागा बदलतो. पोराला कोणी सांगितलं नाही का?”

कोणी सांगितलं नव्हतं. रेडिओ बंद होईपर्यंत ते एका जागी उभे राहायचे आणि बंद झाला की दुसरीकडे सरकायचे. पोराला मात्र जुनंच चित्र सांगितलेलं. तो तेच धरून बसायचा.

सोमवारी मी हॅल्व्हर्सनच्या खोलीत गेलो. काय चाललंय ते सांगितलं. म्हटलं, त्याला स्वतः बघायला शिकवा, आम्हाला धावायला लावू नका. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला की पद्धत बरोबर आहे, मुलगाच कच्चा आहे. येत्या रविवारी मिलवॉकीकडून हरलो की त्याला बाकावर बसवणार आणि उरलेला मोसम जुन्या राखीव क्वार्टरबॅकला देणार. मालकांशी बोलणं झालंय. आणि जाता जाता त्याने मला आठवण करून दिली की सेंटरचं काम अडवणं आहे, शिकवणं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं. मग विचार केला आणि तोंडाने पण म्हटलं. त्या वेळी त्याने बघितलं माझ्याकडे.

आमच्या धंद्यात ज्याला पहिल्याच वर्षी नापास म्हणून बाकावर बसवतात, त्याच्याकडे पुन्हा कोणी त्या नजरेने बघत नाही. तो या संघातून त्या संघात फिरतो, टोपी घालून कडेला उभा राहतो, तीन-चार वर्षांनी गावी परत जातो. मी अशी चांगली पोरं जाताना पाहिली आहेत. हा एक मला जाऊ द्यायचा नव्हता. राग हॅल्व्हर्सनचा होता हे खरं, पण राग काही फुकट जाऊ द्यायची वस्तू नाही.

त्या संध्याकाळी जेरेलला घरी जेवायला बोलावलं. इलोनाने पॅप्रिका घातलेलं कोंबडीचं कालवण केलं होतं. पोरगा तीनदा घेऊन जेवला. मग मी त्याला विचारलं की कालच्या सामन्यात शेवटी तो पडला, तेव्हा समोर काय दिसलं होतं. त्याने हॅल्व्हर्सनचं वाक्यच्या वाक्य म्हणून दाखवलं. मी म्हटलं, ते तुला ऐकू आलं. दिसलं काय?

त्याने चमचा ताटात ठेवला.

“मिस्टर मार्टी, तो आवाज बंद होतो ना, तेव्हा एकदम शांत होतं. आणि मला काहीच दिसत नाही. नुसती माणसं दिसतात.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेत असताना कोच कडेवरून हाताने खुणा करायचे. कॉलेजात कडेला मुलं मोठमोठे चित्रांचे फलक धरायची, सगळा संघ तिकडे मान वळवून बघायचा आणि फलकावर असेल तसा खेळायचा. आठव्या वर्षापासून या पोराने हजारो चेंडू फेकले होते आणि त्यातला एकही कुठे फेकायचा हे त्याने ठरवलं नव्हतं. हात सोन्याचा म्हणून प्रत्येकाने त्याचा हात वापरला. त्याच्या डोक्याची कोणाला गरजच पडली नाही. मला इतका संताप आला की मी उठून भांडी घासायला लागलो.

इलोना शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. ती म्हणाली, भांडी ठेव आणि चल बाहेर.

दुसऱ्या दिवसापासून सरावानंतर आमच्या चर्चच्या गाड्या लावायच्या पटांगणात आमची वेगळी शाळा भरायला लागली. फळीतले आम्ही पाचही जण, आमच्या बायका, ओटिसची सासू आणि इलोनाच्या संघातल्या दणकट पोरी. बायका आणि पोरी म्हणजे समोरचा बचाव. मी वाकायचो, जेरेल माझ्यामागे, आणि इलोना आपल्या माणसांना बोटाने इकडेतिकडे नाचवायची. जेरेलने फक्त सांगायचं की कोण अंगावर धावून येणार आणि कोण येण्याचं नुसतं सोंग करतंय. पहिल्या दिवशी त्याला एकही ओळखता आलं नाही. ओटिसच्या सासूने त्याला सरळ जाऊन मिठीच मारली आणि म्हणाली, “बाळा, मी एवढी मोठी तुला दिसले नाही?”

इलोनाने त्याला एक युक्ती शिकवली. माणूस येणार असेल तर तो पायाच्या चवड्यावर असतो आणि तुझ्याकडे बघायचं टाळतो. जो दात-ओठ खात, अंग पुढे काढून तुला दिसेल असा उभा आहे, त्याची टाच बघ. टाच टेकलेली असेल तर तो येणार नाही, तो तुला नुसता दाखवायला ठेवलाय. जेरेल मग चेहरे सोडून पाय बघायला लागला. गुरुवारी त्याने दहातले सहा ओळखले. शुक्रवारी आठ. शनिवारी ओटिसची सासू त्याला फसवू शकली नाही म्हणून रुसून गाडीत जाऊन बसली.

पण एक अडचण उरलीच. रविवारी हॅल्व्हर्सन पुन्हा आम्हाला धावायला लावणार, पुन्हा पोराच्या कानात बोलणार आणि कानात बोलणं चालू असताना याचे डोळे बंद होणार. रेडिओ कापता येत नाही. मग ओटिसलाच सुचलं. तो म्हणाला, अरे, रेषेवर आपल्याशिवाय कोण पोचतं? आपण पाच जण आलो नाही तर खेळ सुरूच होत नाही. आपण चालत जाऊ.

मला हे इतकं आवडलं की मी त्याच्या टकलाचा मुका घेतला.

रविवारी आमचं मैदान खचाखच भरलं होतं. पहिल्या डावालाच हुकूम आला, धावा. आम्ही चाललो. ओटिसने बुटाची नाडी बांधली. मी हातमोजा काढला, झटकला, पुन्हा घातला. उजवीकडचे दोघे लग्नाला निघालेल्या व्याह्यांसारखे गप्पा मारत आले. कडेला उभे असलेले मदतनीस हात हलवून आमच्यावर ओरडत होते. आम्ही रेषेवर पोचून वाकलो तेव्हा घड्याळात तेरा सेकंद होती. वरचा आवाज बंद झालेला, आणि मिलवॉकीचा बचाव आमच्याचसाठी खोळंबून जागच्या जागी चुळबुळत होता.

“कोच फार शिव्या देत होते, मिस्टर मार्टी,” जेरेल मागून म्हणाला.

“आता देतायत का?”

“आता नाही.”

“मग बघ समोर.”

खोटं सांगत नाही, पहिला अर्धा भाग वाईटच गेला. एकदा आम्ही इतके सावकाश गेलो की वेळ संपली आणि पाच यार्डांचा दंड बसला. एकदा त्याने नीट बघितलं, बरोबर ओळखलं आणि तरी घाईने फेकून चेंडू मिलवॉकीच्या हातात दिला. लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले, आणि ते कौतुकाचं ओरडणं नव्हतं. मलाही वाटलं, आपण या पोराची पुरती वाट लावतोय. कडेला बसल्यावर मी त्याला म्हटलं, नको असेल तर पुन्हा धावू या, निदान कानात कोणीतरी असेल. तो पाणी पीत होता. त्याने बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, “नको. फक्त दंड बसेल इतकं हळू नका चालू.”

मध्यंतरात हॅल्व्हर्सन लिफ्टने खाली आला. सगळ्या संघासमोर माझ्यापुढे उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला की मी त्याला मूर्ख समजू नये. पुढच्या भागात फळी एकदा जरी चालत गेली तरी मंगळवारी माझं कपाट रिकामं झालेलं असेल. अकरा वर्षं झालीत, कोणी विचारणारही नाही.

मी म्हटलं, “खोकी मोठी मागवा, कोच. माझे बूट मोठे आहेत.”

ओटिस म्हणाला, “माझ्यासाठीही मागवा.” मग उजवीकडचे दोघे म्हणाले. मग पाचवा म्हणाला, तो तर फारसा बोलतच नाही. पाच जणांना एकदम काढलं तर क्वार्टरबॅकपुढे उभं कोण राहणार, हा हिशेब हॅल्व्हर्सनलाही येत होता. तो दार आपटून वर निघून गेला.

पुढच्या भागात आम्ही चाललो, आणि पोरगा बघायला लागला. एकदम सगळं जमलं असं नाही. पण पडता पडता तो बरोबर माणसाकडे फेकून पडायचा. दोनदा त्याने कोणी येणार नाही हे ओळखून चेंडू हातात धरला आणि सावकाश, निवांत, सर्वांत लांबच्या माणसाला दिला. मिलवॉकीवाले आपसांत भांडायला लागले. शेवटी आम्ही चार गुणांनी मागे होतो, सामना संपायला थोडाच वेळ उरलेला, आणि त्यांच्या हद्दीची शेवटची रेघ फक्त सहा यार्डांवर; तिच्यापलीकडे चेंडू झेलला की सहा गुण. पण तीन प्रयत्न वाया गेले होते. चौथा फसला की चेंडू त्यांचा, सामना त्यांचा आणि उद्यापासून जेरेलची जागा बाकावर.

आम्ही चालत गेलो. आमच्या मैदानावर आपल्या संघाकडे चेंडू असला की लोक गप्प बसतात, खेळाडूंना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून. त्या दिवशी इतकी माणसं गप्प बसली की झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येत होती.

मी वाकून समोर बघितलं. आता आमची फळी कोणत्या बाजूला झुकणार हे सांगणं माझं काम, अकरा वर्षं मीच सांगत आलोय. डावीकडून त्यांचा एक गडी पुढे सरकलेला, वाकलेला, सरळ जेरेलवर डोळे रोखून. हा येणार यात शंकाच नव्हती. मी ओरडलो, “डावीकडे, सगळे डावीकडे.”

माझ्या पाठीवर हात पडला.

“नाही, मिस्टर मार्टी. उजवीकडे.”

मी मान न वळवता म्हटलं, “अरे, डावीकडे उघड दिसतोय तो.”

“म्हणूनच. उजवीकडे वळा.”

वाद घालायला वेळ नव्हता. मला त्याचं पटलेलं नव्हतं, अगदी आजही सांगतो, पटलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना डावीकडचाच दिसत होता. पण त्याच्या आवाजात विनंती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा हा पोरगा कोणाला विचारत नव्हता. मी ओरडलो, “उजवीकडे.” ओटिसने माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. मी चेंडू मागे दिला.

डावीकडचा गडी दोन पावलं मागे गेला. उजवीकडून, जिथे कोणी हललंही नव्हतं, तिथून दोघे सुटले. पहिला माझ्या खांद्यावर असा आदळला की माझ्या तोंडात गवत गेलं, दुसऱ्याला माझ्या शेजाऱ्याने धरलं. मी त्यांच्या खाली पडलो होतो, मला काही दिसलं नाही. ते दोघे धावून आले म्हणजे त्यांच्यामागची जागा रिकामी असणार, एवढं मला पडल्या पडल्या कळलं. जेरेललाही कळलं असावं. कारण मग सगळं मैदान एकदम उठलं आणि त्या आवाजात मला माझं हसणंही ऐकू आलं नाही.

हॅल्व्हर्सन खाली आला तेव्हा कॅमेरेवाले जेरेलभोवती होते. मालकही तिकडेच होते. हा माणूस त्यांच्याकडे गेला नाही, तरातरा माझ्याकडे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. शेवटच्या वेळी फळी कोणत्या बाजूला गेली हे त्याने वरून पाहिलं होतं, आणि हे कोणाचं डोकं आहे याबद्दल त्याची खात्रीच होती.

“उजवीकडे तू वळवलीस,” तो म्हणाला. “सामना माझा, डाव माझा, आणि तू माझ्या क्वार्टरबॅकला सांगतोस?”

मी दातातलं गवत काढलं.

“नाही, कोच. मी डावीकडेच म्हणत होतो. त्याने माझंही ऐकलं नाही.”